एंडोमेट्रिओसिसच्या वेदनांसाठी हार्मोनचे उपचार: निवड कशी करावी

एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढून दुखण्याच्या आजाराचे) निदान झालेली, किंवा तशी दाट शंका असलेली स्त्री दवाखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या हातात बहुतेक वेळा एकाच औषधाची चिठ्ठी असते. हेच औषध का, दुसरे का नाही, किती दिवस घ्यायचे आणि सोसले नाही तर पुढे काय, या प्रश्नांना तपासणीच्या दहा मिनिटांत जागा मिळत नाही. त्यामुळे अनेकजणी दुसऱ्याच महिन्यात गोळ्या बंद करतात आणि ‘हार्मोन मला चालत नाहीत’ असा निष्कर्ष काढून पुन्हा दर महिन्याला वेदना सोसत राहतात. हा निष्कर्ष बऱ्याचदा घाईचा असतो. हार्मोनचे उपचार म्हणजे एक औषध नाही. त्यांत निरनिराळ्या पद्धतींनी काम करणारे पाच-सहा गट आहेत आणि एकाने त्रास झाला म्हणून दुसऱ्यानेही होईलच असे नाही.

निवड करण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. गर्भनिरोधक गोळ्या, प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या हार्मोनसारखे काम करणाऱ्या) गटातील औषधे आणि अंडाशयांचे काम तात्पुरते थांबवणारी इंजेक्शने यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत वेदना कमी करण्याच्या बाबतीत त्यांच्यात फार मोठा फरक दिसत नाही. युरोपातील मानवी प्रजनन व भ्रूणशास्त्र संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही कोणत्याही एका औषधाला अव्वल ठरवलेले नाही. रुग्णाची पसंती, दुष्परिणाम, परिणामकारकता, खर्च आणि उपलब्धता पाहून रुग्ण व डॉक्टर दोघांनी मिळून ठरवावे, असे त्यांत म्हटले आहे. म्हणून ‘सर्वांत जोरदार औषध कोणते’ या प्रश्नापेक्षा ‘यांपैकी कोणते औषध मला कित्येक महिने, कदाचित कित्येक वर्षे, निभावता येईल’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती बांधल्या आहेत.

हार्मोन नेमके काय करतात आणि काय करत नाहीत

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या बाहेर वाढते. ती अंडाशयांवर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, गर्भाशय व गुदाशय यांच्यामधल्या जागेत, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर आढळते. ही ऊती इस्ट्रोजेनवर पोसली जाते आणि पाळीच्या चक्रानुसार तिथे दाह होतो, रक्तस्राव होतो, आजूबाजूच्या नसा संवेदनशील होतात. बीजविमोचन (अंडाशयातून बीज सुटणे) थांबवणे, अस्तर पातळ करून पाळी कमी किंवा बंद करणे आणि इस्ट्रोजेनची पातळी खाली आणणे, या तीन मार्गांनी औषधे काम करतात. कोणते औषध यांपैकी कोणत्या मार्गावर भर देते यावरून त्याचे दुष्परिणाम ठरतात.

इस्ट्रोजेन किती खाली आणावे याबद्दल अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट बार्बिएरी यांनी १९९२ मध्ये मांडलेली कल्पना आजही उपयोगी पडते. निरनिराळ्या ऊतींना इस्ट्रोजेनची गरज वेगवेगळी असते, त्यामुळे साधारण ३० ते ५० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर या पट्ट्यात त्याची रक्तातील पातळी राहिली तर आजाराची ऊती दबते आणि हाडांची फार झीज होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आजची नवी औषधे याच तत्त्वावर बेतलेली आहेत.

या उपचारांच्या मर्यादाही सुरुवातीलाच माहीत असाव्यात. ते आजार मुळापासून घालवत नाहीत. आत तयार झालेले, अवयव एकमेकांना चिकटवणारे पट्टे ते विरघळवत नाहीत. अंडाशयातील चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) काही औषधांनी लहान होते, पण ती पूर्ण नाहीशी होईल अशी अपेक्षा धरू नये. औषध बंद केल्यावर वेदना परत येण्याची शक्यता बरीच असते. मूल राहण्याची शक्यता या औषधांनी वाढत नाही, उलट यांपैकी बहुतेक औषधे घेत असताना गर्भधारणा होत नाही. म्हणून वंध्यत्वावर उपाय म्हणून ‘सहा महिने हार्मोन घ्या, मग प्रयत्न करा’ असा सल्ला कोणी दिला, तर त्यामागचे कारण अवश्य विचारावे. नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता वाढावी म्हणून अंडाशय दाबून ठेवू नयेत, असे आताच्या मार्गदर्शक सूचना स्पष्टपणे सांगतात.

पहिली पायरी: दुखण्याचा कागद

औषध सुरू करण्यापूर्वी किमान एक पूर्ण पाळीचक्र, जमल्यास दोन चक्रे, रोजची नोंद ठेवावी. मोठी डायरी लागत नाही, महिन्याच्या एका पानावर काम भागते. दर रात्री तारखेपुढे ० ते १० या मापात दुखण्याचा आकडा, दुखण्याची जागा, कशामुळे वाढले, वेदनाशामक घेतले का आणि काय करायचे राहून गेले, एवढे लिहावे. एका दिवसाची नोंद अशी असू शकते: ‘१४ तारीख, पाळीचा दुसरा दिवस, आकडा ८, डावीकडे ओटीपोटात आणि कमरेत, शौचाला बसताना सुरी फिरल्यासारखे, मेफेनॅमिक आम्लाच्या दोन गोळ्या, दुपारनंतर कामावर जाता आले नाही.’ आणि पाळी संपून दहा दिवस झाल्यावरची दुसरी नोंद: ‘२६ तारीख, आकडा ४, शरीरसंबंधानंतर खोलवर दुखले, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकले.’

या दोन ओळींतून डॉक्टरांना जे कळते ते ‘पाळीत खूप दुखते’ या वाक्यातून कधीच कळत नाही. शौचाच्या वेळचे तीव्र दुखणे आतड्याजवळच्या खोल आजाराकडे बोट दाखवते. फक्त पाळीच्या चार दिवसांत दुखत असेल तर पाळी बंद करणाऱ्या साध्या उपायानेही मोठा फरक पडू शकतो. महिनाभर रोज दुखत असेल तर केवळ पाळी थांबवून भागेलच असे नाही. याशिवाय तीन महिन्यांनी औषधाचा उपयोग झाला का हे ठरवताना हाच कागद साक्षीला असतो, कारण वेदनेची स्मृती फसवी असते आणि मध्यंतरी झालेल्या एखाद्या वाईट दिवसाने सगळे महिने काळे वाटू लागतात.

दुसरी पायरी: आधी काय वगळायचे

हार्मोन सुरू करण्यापूर्वी गर्भधारणा नाही याची खात्री करून घ्यावी. पाळीच्या चक्राशी संबंध नसलेला किंवा शरीरसंबंधानंतर होणारा रक्तस्राव असेल, तर त्याचे कारण आधी शोधावे लागते, कारण हार्मोनमुळे ते लक्षण झाकले जाऊ शकते.

निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालीच पाहिजे असा आग्रह आता धरला जात नाही. लक्षणे, शारीरिक तपासणी आणि योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय यांच्या आधारे औषध सुरू करता येते. मात्र सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणजे आजार नाही असे होत नाही, कारण ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावरचे आजाराचे लहान ठिपके तिच्यात सहसा दिसत नाहीत.

एक गोष्ट मात्र मी कधीही हलक्याने घेऊ नये असे म्हणेन. खोलवर पसरलेला आजार मूत्रवाहिनीला बाहेरून आवळू शकतो आणि त्या बाजूचे मूत्रपिंड हळूहळू सुजत जाते, तेही कित्येकदा काहीही न दुखता. म्हणून खोल आजाराची शंका असेल तर मूत्रपिंडांची सोनोग्राफीही करून घेण्याचा आग्रह धरावा. मूत्रवाहिनी किंवा आतडे अरुंद झाले असेल तर केवळ हार्मोनवर विसंबून राहता येत नाही. दुखणे थांबले म्हणून मूत्रपिंड सुरक्षित आहे असे समजणे महागात पडते.

तिसरी पायरी: स्वतःची वैद्यकीय यादी

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर काही गोष्टी खऱ्याखऱ्या लिहून न्याव्यात. वय किती, धूम्रपान आहे का, रक्तदाब किती असतो, पूर्वी पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला तरुणपणी झाली होती का, यकृताचा आजार आहे का, स्तनाचा कर्करोग झाला होता का, नैराश्यासाठी उपचार घेतले होते का, हाडे ठिसूळ असण्याचा काही इतिहास आहे का, आणि सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत.

अर्धशिशीबद्दल एक प्रश्न स्वतःला नीट विचारावा. डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या चमकत्या रेषा येतात का, दृष्टीचा काही भाग काही मिनिटे नाहीसा होतो का, हात किंवा ओठ बधिर होतात का? असे होत असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊ नये, कारण त्यामुळे मेंदूतील रक्तपुरवठा अडून पक्षाघात होण्याचा धोका वाढतो. वय ३५ च्या पुढे आणि धूम्रपान, आटोक्यात नसलेला रक्तदाब, पूर्वीची रक्ताची गुठळी, गंभीर यकृतविकार, स्तनाचा कर्करोग, तसेच बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे, या परिस्थितींतही ती टाळली जाते.

औषधांच्या बाबतीत क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, फिटांवरील कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांसारखी औषधे यकृतातील विकरांना चालना देऊन हार्मोनच्या गोळ्या लवकर निकामी करतात. हार्मोन सोडणाऱ्या गर्भाशयातील साधनावर आणि तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर त्यांचा असा परिणाम होत नाही. फिटांसाठी लॅमोट्रिजिन चालू असेल तर उलट अडचण येते, इस्ट्रोजेनमुळे त्याचीच पातळी खाली जाते. त्यामुळे अशी औषधे घेणाऱ्या स्त्रीने दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवाव्यात.

चौथी पायरी: पर्याय एकेक करून समजून घेणे

संयुक्त गर्भनिरोधक गोळी हा बहुधा पहिला पर्याय असतो. तिच्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असतात, ती सहज मिळते, तिचा दीर्घकाळचा अनुभव उपलब्ध आहे आणि गर्भनिरोधनाची सोयही तिच्यातच होते. मात्र ती कशी घ्यावी यावर बरेच अवलंबून असते. २१ दिवस गोळी आणि ७ दिवस सुट्टी या नेहमीच्या पद्धतीत दर महिन्याला रक्तस्राव होतो आणि त्या सात दिवसांत दुखणेही परत येते. ज्यांचा मुख्य त्रास पाळीच्या दुखण्याचा आहे त्यांनी सुट्टी न घेता सलग गोळ्या घेण्याबद्दल विचारावे. दर महिन्याला रक्त ‘बाहेर पडलेच पाहिजे’ ही समजूत इतकी घट्ट आहे की पाळी थांबली म्हणून घाबरून औषध सोडणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत. गोळी चालू असताना अस्तर पातळच राहते, त्यामुळे आत काही साठून राहत नाही. गोळीच्या सुट्टीतला रक्तस्राव ही खरी पाळी नसते आणि तो झालाच पाहिजे अशी वैद्यकीय गरजही नसते.

गुठळीच्या धोक्याबद्दल आकडे समोर ठेवून बोलणे बरे. गोळी न घेणाऱ्या आणि गर्भवती नसलेल्या १०,००० स्त्रियांपैकी वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते. प्रोजेस्टिन म्हणून लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांवर हा आकडा ५ ते ७, तर ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांवर ९ ते १२ इतका जातो, असा युरोपीय औषध नियामकाचा अंदाज आहे. धोका खरा आहे, पण एकेका स्त्रीच्या दृष्टीने तो लहान आहे. पाय सुजून पोटरी दुखू लागणे, अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, कधी न झालेली तीव्र डोकेदुखी किंवा दृष्टी जाणे यांपैकी काहीही झाल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रोजेस्टिनच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन नसते, म्हणून अर्धशिशी किंवा गुठळीच्या इतिहासामुळे संयुक्त गोळी वर्ज्य असलेल्यांना हा गट बऱ्याचदा चालतो. गुठळीचा इतिहास असेल तर कोणते प्रोजेस्टिन आणि किती मात्रेत, हे डॉक्टरांनीच ठरवावे. सध्या सर्वाधिक चर्चा डायनोजेस्टची होते. ते रोज २ मिलिग्रॅम, शक्यतो ठरलेल्या वेळी, खंड न पाडता घ्यायचे असते. वेदनांवर त्याचा परिणाम चांगला होतो आणि चॉकलेट सिस्टचा आकारही त्याने घटू शकतो. पण दोन गोष्टी चिठ्ठीसोबत सांगितल्या जात नाहीत. पहिली, पहिल्या काही महिन्यांत अनियमित रक्तस्राव किंवा स्पॉटिंग (अधूनमधून थोडे थोडे रक्त जाणे) होणे हे इतके नेहमीचे आहे की ते अपयशाचे चिन्ह मानू नये. दुसरी, या मात्रेत बीजविमोचन सहसा थांबत असले तरी डायनोजेस्ट एकट्याला गर्भनिरोधक म्हणून मान्यता नाही, त्यामुळे कंडोमसारखे हार्मोनविरहित साधन सोबत वापरावे लागते. डोकेदुखी, स्तनांत ताण, मुरुमे, वजनात थोडा फरक आणि मनाचा उदासपणा हे त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. किशोरवयीन मुलींच्या अभ्यासात वर्षभरात हाडांच्या घनतेत थोडी घट दिसली होती, म्हणून हाडे घट्ट होण्याच्या वयात ते देताना अधिक लक्ष ठेवले जाते.

नॉरएथिस्टेरॉन पुष्कळजणींना ‘पाळी पुढे ढकलण्याची गोळी’ म्हणून माहीत असते. तेच औषध एंडोमेट्रिओसिससाठी रोज, सलग दिले जाते. त्याचे अॅसिटेट रूप सहसा ५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि गरजेनुसार वाढवतात. ते जुने आणि परिणामकारक आहे. मात्र मोठ्या मात्रेत त्याचा थोडा अंश शरीरात इथिनिल इस्ट्राडिओलमध्ये बदलतो, त्यामुळे गुठळीचा धोका असलेल्या स्त्रीने ते इस्ट्रोजेनमुक्त समजून बेफिकीर राहू नये. त्याने चांगले कोलेस्टेरॉल घटू शकते आणि काहींना मुरुमे किंवा केसांची वाढ जाणवते.

मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे तीन महिन्यांनी घ्यायचे १५० मिलिग्रॅमचे इंजेक्शन रोजच्या गोळीची आठवण टाळते. पण एकदा टोचले की ते परत काढता येत नाही, आणि हा मुद्दा निर्णयात फार वजनाचा आहे. दुष्परिणाम झाले तर ते ओसरेपर्यंत थांबावे लागते. शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भधारणा होण्यास सरासरी दहा महिने लागू शकतात. दीर्घ वापरात हाडांची घनता घटते, म्हणून अमेरिकेच्या नियामकाने २००४ पासून त्यावर ठळक इशारा दिला आहे आणि दुसरा मार्ग असताना दोन वर्षांपेक्षा जास्त वापर टाळायला सांगितले आहे. एक-दोन वर्षांत मूल हवे असेल त्यांनी याला हात न लावलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गर्भाशयात बसवायच्या, लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणाऱ्या साधनालाही अनेकजणी तांबीच म्हणतात, पण तिच्यात तांबे नसते. तांब्याची साधी तांबी रक्तस्राव आणि दुखणे वाढवू शकते, त्यामुळे नावाच्या सारखेपणावरून हा पर्याय नाकारू नये. ५२ मिलिग्रॅमचे हे साधन सुरुवातीला दिवसाला सुमारे २० मायक्रोग्रॅम औषध थेट गर्भाशयात सोडते, कित्येक वर्षे चालते आणि काढल्यावर प्रजननक्षमता लवकर परत येते. पाळी हलकी होते, काहींची बंद होते. शस्त्रक्रियेनंतर पाळीचे दुखणे पुन्हा उद्भवू नये म्हणून, आणि सोबत गर्भाशयाच्या भिंतीतला आजार म्हणजे एडेनोमायोसिस असेल तेव्हा, ते विशेष उपयोगी पडते. त्याची उणीव अशी की बीजविमोचन ते भरवशाने थांबवत नाही, त्यामुळे अंडाशयात वारंवार सिस्ट होणाऱ्या स्त्रीला ते एकटे पुरेसे पडेलच असे नाही. बसवताना दुखते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ज्यांना आतून तपासणीच असह्य होते त्यांनी भूल देऊन, किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया होणारच असेल तर त्याच वेळी, साधन बसवून देण्याची विनंती करावी. पाच टक्क्यांच्या आसपास स्त्रियांत ते आपोआप बाहेर पडते. दंडात बसवायचे इटोनोजेस्ट्रेलचे ६८ मिलिग्रॅमचे साधनही काही ठिकाणी वापरले जाते, पण त्यात अनियमित रक्तस्राव अनेकींना नकोसा होतो.

यानंतर येतात ती मेंदूतून अंडाशयांना जाणारा संदेशच रोखणारी औषधे. ल्यूप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही इंजेक्शने महिन्याने किंवा तीन महिन्यांनी दिली जातात आणि शरीर तात्पुरत्या रजोनिवृत्तीत जाते. पहिल्या इंजेक्शननंतर एक-दोन आठवडे दुखणे वाढू शकते, कारण संदेश बंद पडण्याआधी एकदा उसळतो. हे आधी सांगितले नसेल तर स्त्री हादरून जाते. पुढे अंगातून गरम वाफा निघणे, रात्री घामाने झोप मोडणे, योनीमार्ग कोरडा पडणे, चिडचिड, सांधे दुखणे आणि हाडांची झीज हे त्रास येतात. त्यांवर ‘भर घालणारे हार्मोन’ हा उपाय आहे, म्हणजे नॉरएथिस्टेरॉन अॅसिटेट किंवा थोडे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन सोबत द्यायचे. थांबवलेले हार्मोन परत द्यायचे तर मग औषधाचा उपयोग काय, अशी शंका येणे साहजिक आहे. पण बार्बिएरी यांच्या पट्ट्याची कल्पना इथेच उपयोगी पडते. थोडी भर हाडांना पुरते आणि आजाराला पुरत नाही. म्हणून या इंजेक्शनाची चिठ्ठी हातात आली आणि तिच्यावर भर घालणारे औषध नसेल, तर ‘ते कधीपासून सुरू करायचे’ असे विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये. ते न घेता सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ इंजेक्शने चालू ठेवत नाहीत.

याच मार्गावरच्या नव्या गोळ्या संदेश उसळू न देता थेट अडवतात आणि थांबवल्यावर त्यांचा परिणाम लवकर उतरतो. एलागोलिक्सला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्याची १५० मिलिग्रॅमची रोजची मात्रा कमाल २४ महिने, तर २०० मिलिग्रॅमची दिवसातून दोनदा घ्यायची मात्रा कमाल ६ महिने वापरता येते. रेलुगोलिक्स ४० मिलिग्रॅम, इस्ट्राडिओल १ मिलिग्रॅम आणि नॉरएथिस्टेरॉन अॅसिटेट ०.५ मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी तिथे २०२२ मध्ये एंडोमेट्रिओसिसच्या वेदनांसाठी मान्य झाली. भर घालणारे हार्मोन तिच्यातच असल्याने ते वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. प्रत्येक देशात ही औषधे उपलब्ध असतीलच असे नाही.

डॅनाझोल एकेकाळी भरपूर वापरले जाई. त्याने आवाज घोगरा होऊ शकतो आणि तो बदल कायमचा राहू शकतो. आज ते सुचवले गेले तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. लेट्रोझोलसारखी अॅरोमॅटेज (इस्ट्रोजेन तयार करणारे विकर) रोखणारी औषधे बाकी उपाय थकल्यावर, आणि रजोनिवृत्ती न आलेल्या स्त्रीमध्ये दुसऱ्या हार्मोनच्या जोडीनेच, वापरली जातात.

पाचवी पायरी: आपल्या परिस्थितीवर पर्याय ताडून पाहणे

येथे सर्वांत आधी मुलाचा प्रश्न येतो. येत्या काही महिन्यांतच प्रयत्न करायचे असतील तर हार्मोन सुरू करण्यात अर्थ नाही. वेदनाशामके, शस्त्रक्रियेची गरज आणि प्रजननतज्ज्ञांचा सल्ला यांवर बोलावे. वर्षा-दीड वर्षाने प्रयत्न करायचे असतील तर थांबवल्याबरोबर उतरणारा पर्याय, म्हणजे गोळी, निवडावा. बराच काळ मूल नको असेल तर गर्भाशयातील साधनाचा विचार लवकर करावा.

दुसरा प्रश्न रोजच्या सवयीचा आहे. रोज एका वेळी गोळी घेणे जमत नसेल तर ते मान्य करून तसे डॉक्टरांना सांगावे. चुकत-माकत घेतलेल्या प्रोजेस्टिनच्या गोळीने स्पॉटिंग वाढते आणि दोष औषधाला दिला जातो. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या ४०५ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत इंजेक्शन किंवा गर्भाशयातील साधन आणि संयुक्त गोळी यांची तुलना केली होती. तीन वर्षांनी वेदनांत फरक दिसला नाही, मात्र दीर्घकाळ टिकणाऱ्या पद्धतीच्या गटात पुन्हा शस्त्रक्रिया किंवा दुसरे उपचार घ्यावे लागण्याचे प्रमाण कमी होते.

तिसरा प्रश्न मनाचा. पूर्वी नैराश्य येऊन गेले असेल तर हार्मोन वर्ज्यच आहेत असे नाही, पण टोचल्यावर तीन महिने मागे न घेता येणाऱ्या इंजेक्शनने सुरुवात करण्याऐवजी हवे तेव्हा थांबवता येणाऱ्या गोळीने करणे शहाणपणाचे आहे. घरातल्या एका विश्वासू व्यक्तीला ‘माझ्या वागण्यात बदल दिसला तर मला सांग’ असे आधीच सांगून ठेवावे, कारण आपली उदासी आपल्यालाच उशिरा दिसते. जीव नकोसा वाटू लागला तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच मदत घ्यावी.

सहावी पायरी: तीन महिन्यांची कसोटी

गंभीर दुष्परिणाम नसेल तर निवडलेल्या औषधाला साधारण तीन महिने द्यावेत आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटची भेट औषध सुरू होतानाच ठरवून घ्यावी. यश कशाला म्हणायचे हेही तेव्हाच लिहून ठेवावे. वेदना शून्यावर येणे हे बहुतेकींच्या बाबतीत वास्तव उद्दिष्ट नसते. ८ वरून ४ वर येणे, महिन्याला चार रजांऐवजी एकही न पडणे किंवा बसल्या जागेवरून न कण्हता उठता येणे, असे मोजता येणारे उद्दिष्ट ठेवावे.

स्पॉटिंगबद्दल थोडे अधिक. सलग संयुक्त गोळी घेताना तीन आठवडे उलटल्यावर अंगावर थोडे थोडे जाऊ लागले, तर डॉक्टरांना विचारून चार दिवस गोळी थांबवता येते. त्यात अस्तर गळून जाते आणि पुन्हा सलग गोळ्या सुरू केल्यावर स्पॉटिंग बहुधा थांबते. पहिल्या तीन आठवड्यांत मात्र अशी सुट्टी घेऊ नये, नाहीतर गर्भनिरोधनाचा भरवसा राहत नाही. प्रोजेस्टिनच्या गोळीबाबत असे परस्पर थांबवू नये. स्पॉटिंग आहे पण दुखत नाही, असे असेल तर औषध काम करत आहे.

या काळात वेदनाशामके बंद करण्याचे कारण नाही. आम्लपित्त, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दाहशामक गोळी दुखणे सुरू होताच, किंवा पाळीचा अंदाज असेल तर आदल्या दिवसापासून, जेवणानंतर घेतल्यास अधिक उपयोगी पडते. अचानक एका बाजूला प्रचंड कळ, उलट्या, चक्कर किंवा ताप आल्यास मात्र नेहमीचेच दुखणे समजून थांबू नये. सिस्ट फुटणे, अंडाशयाला पीळ पडणे किंवा गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा यांपैकी काही असू शकते.

सातवी पायरी: उपयोग झाला नाही तर

हार्मोनच्या उपचारांवरील जुन्या-नव्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला असता साधारण दहापैकी एक ते दोन स्त्रियांच्या वेदना मुळीच कमी झाल्या नाहीत, असे आढळले आहे. म्हणजे उपयोग न होणे हा तुमचा दोष नाही आणि वेदना खोटी असल्याचा पुरावा तर मुळीच नाही. आधी औषध नियमित घेतले गेले का आणि पाळी खरोखर थांबली का हे पाहावे. पाळी थांबली नसेल तर मात्रा किंवा गट बदलून पाहता येतो. पाळी पूर्ण थांबूनही दुखत असेल तर त्याच मार्गावरचे आणखी जहाल औषध मागण्याआधी दुखण्याचे दुसरे कारण शोधावे. वर्षानुवर्षे दुखल्याने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायमचे आखडून बसतात आणि तेच दुखू लागतात. त्यासाठी या स्नायूंचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टची मदत लागते. कधी मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असते, कधी चिडचिडे आतडे किंवा मूत्राशयाचा वेगळा आजार जोडीला असतो. खोल आजार असेल तर या टप्प्यावर शस्त्रक्रियेची चर्चा, आणि तीही अशा शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या चमूशी, योग्य ठरते. शस्त्रक्रियेनंतर लगेच मूल नको असेल तर हार्मोन पुढे चालू ठेवल्याने पाळीचे दुखणे आणि सिस्ट परत येण्याचे प्रमाण घटते, विशेषतः ते दीड-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवले तर.

दीर्घकाळ घेताना आणि थांबवताना

चालणारे औषध सापडले की वर्षातून एकदा रक्तदाब, वजन, मनःस्थिती आणि चालू औषधांची यादी पुन्हा तपासून घ्यावी. सिस्ट असेल तर ठरावीक अंतराने सोनोग्राफी करावी. इस्ट्रोजेन फार खाली आणणारे औषध दीर्घकाळ घेणार असाल तर हाडांच्या घनतेची चाचणी विचारावी आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व वजन पेलणारा व्यायाम यांकडे लक्ष द्यावे. पस्तिशी ओलांडल्यावर संयुक्त गोळीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो, कारण पंचविशीत सुरक्षित असलेली गोळी धूम्रपान किंवा वाढलेल्या रक्तदाबामुळे पुढे तशी राहत नाही.

औषध थांबवायचे ठरले तर ते ज्या महिन्यात परीक्षा, लांबचा प्रवास किंवा घरात मोठे कार्य नसेल अशा महिन्यात थांबवावे, आणि थांबवलेल्या दिवसापासून पुन्हा तोच कागद भरायला घ्यावा. गोळ्या थांबवल्यावर पाळी सहसा महिना-दीड महिन्यात येते, महिन्याच्या इंजेक्शनांनंतर दोन-तीन महिने लागतात. दुखणे कोणत्या आकड्यावर पोहोचले तर पुन्हा औषध सुरू करायचे, तो आकडा डॉक्टरांसोबत आधीच ठरवून कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.